वसतिगृहाची नियमावली मिरगाआधी नव्याने लिहायची आहे: गेटची वेळ, हजेरी, झडती, दंड, कॅमेरे

नवी_रेक्टर

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयाचं वसतिगृह जूनपासून माझ्याकडे येतंय. मुलींच्या इमारतीत ६४, मुलांच्या इमारतीत ८०, आवार एकच, मेस मधे. अकरावी-बारावीचे पंधरा-वीस जणही यातच आहेत. तिन्ही बाजूंनी चिऱ्याचा गडगा (दगडी कुंपण), मागे आंब्याची बाग आणि पाणंद.

सध्याची नियमावली दीड पानाची आहे. मुलींनी संध्याकाळी ७ च्या आत, मुलांनी रात्री १० च्या आत यायचं. उशीर झाल्यास गेट उघडलं जाणार नाही. मोबाइल रात्री १० वाजता जमा. रेक्टर केव्हाही खोलीची झडती घेतील. कोणत्याही नियमभंगाला ५०० रुपये दंड, दुसऱ्यांदा झाल्यास हकालपट्टी. खोलीत हीटर, शेगडी बंद. रात्री ११ ला दोन्ही इमारतींच्या कोलॅप्सिबल गेटला बाहेरून कुलूप, किल्ली वॉचमनकडे. रात्री वॉचमन एकच, तोही बारा तासांचा.

कागदावर एवढं कडक असूनही मुलं मागचा गडगा उतरून येतात. मुली उशीर झाला की गावात मैत्रिणीच्या खोलीवर राहतात आणि हजेरीला दुसरीच कुणी "हजर" म्हणते. कॅमेरे आठ आहेत, वीज पडल्यापासून त्यातले पाच बंद.

प्राचार्यांना मसुदा मेअखेर द्यायचा आहे. काय ठेवावं, काय काढावं आणि जे ठेवू ते रोजच्या रोज पाळलं कसं जाईल, हे जाणकारांनी नेमकेपणाने सांगावं.

खाडीपलीकडे

मॅडम, सगळ्यांत आधी "उशीर झाल्यास गेट उघडलं जाणार नाही" ही ओळ खोडा. त्या दीड पानातली सर्वांत धोक्याची ओळ तीच. एसटी चुकलेली मुलगी पावणेआठला गेटवरून परत फिरते, तेव्हा ती रात्र कुठे काढते हे तुम्हालाही ठाऊक नसतं आणि तिच्या घरीही. गडगा उतरणारी मुलं आणि खोटी हजेरी ही दोन्ही त्याच ओळीची पोरं आहेत. तिच्या जागी लिहा: गेट चोवीस तास उघडून मिळेल, आधी आत, मग चौकशी. उशिरा आलेल्याला वॉचमनने बाहेर ताटकळत ठेवायचं नाही, कारण विचारत बसायचं नाही. नाव, खोली, वेळ लिहायची, आत घ्यायचं, रेक्टरला फोन करायचा. जाब दुसऱ्या दिवशी, तुमच्या खोलीत.

मुलींना ७ आणि मुलांना १० हेही चालणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१५ च्या विनियमांत स्पष्ट म्हटलं आहे की सुरक्षिततेचं कारण पुढे करून वसतिगृहातल्या मुलींवर मुलांच्या तुलनेत भेदभावाचे नियम लादू नयेत. दोघांना एकच वेळ ठेवा. ती ठरवताना शेवटची एसटी किती वाजता येते, ग्रंथालय केव्हा बंद होतं, स्टेशनवरून रिक्षा कुठवर मिळते, हे बघा. तालुक्याच्या गावात साडेनऊ ही वेळ सहसा पाळता येते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच निराळं असतं आणि धो धो पाऊस लागला की गाड्या ताशी ४० किलोमीटरने हाकतात. घरून परतणारी मुलं तासन्‌तास उशिरा येणार, हे धरूनच चाला. गाडीत बसल्याबसल्या रेक्टरच्या फोनवर मेसेज टाकला असेल तर तो उशीर मोजायचा नाही.

बाहेर जाण्याच्या वहीत रकाने एवढेच: नाव, खोली, कुठे, गेल्याची वेळ, परतण्याची अंदाजे वेळ, परतल्याची वेळ, सही. मोबाइल नंबरचा रकाना असेल तर काढून टाका. ती वही गेटच्या टेबलावर उघडी पडलेली असते. कुरिअरवाला, पाण्याचा टँकरवाला, भेटायला आलेला कुणीही ती दोन मिनिटं चाळू शकतो, आणि चौसष्ट मुलींची नावं, खोल्या आणि नंबर एका ओळीत त्याच्या हाती लागतात. अनोळखी फोनांच्या तक्रारींचं मूळ पुष्कळदा या वहीत असतं. नंबर तुमच्या कपाटात, कुलपात. वॉचमनकडे फक्त तुमचा, सहायक रेक्टरचा, प्राचार्यांचा, पोलीस ठाण्याचा आणि ग्रामीण रुग्णालयाचा.

हजेरी मेसमध्ये नावं पुकारून घेऊ नका, तिथेच एकजण चौघींची "हजर" म्हणते. खोलीच्या दारात जाऊन, चेहरा बघून, जिची तिने सही करायची. दोघीजणींनी मिळून घेतली तर ६४ जणींना वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बोटाच्या ठशाचं यंत्र घेण्याचा आग्रह होईल. पावसात ओल्या, सुरकुतलेल्या बोटांना ते दाद देत नाही, वीज गेली की रांग लागते, आणि मुलींचे ठसे एका दुकानदाराच्या सर्व्हरवर जाऊन बसतात. १४४ मुलांना त्याची गरज नाही.

हजेरीला कुणी नसेल तर पुढची पायरी कोणती हे वेळेसकट लिहा. पहिल्या पंधरा मिनिटांत तिला फोन, मग खोलीतल्या मैत्रिणींना विचारणं. अर्ध्या तासाला घरी फोन आणि स्थानिक पालकाला फोन. तासाभराने ठावठिकाणा नसेल तर ११२. "चोवीस तास थांबावं लागतं" हा समज चुकीचा आहे, पोलिसांनी तक्रार तेव्हाच घ्यायची असते. बेपत्ता मूल १८ वर्षांखालचं असेल तर अपहरणाचा गुन्हाच नोंदवतात. म्हणून अकरावी-बारावीच्या मुलांची यादी वेगळी ठेवा. त्यांना कोण न्यायला येऊ शकतं त्यांचे फोटो आणि सह्या प्रवेशाच्या दिवशीच पालकांसमोर घ्या. "मामा आलाय" एवढ्यावर सोडायचं नाही.

वॉचमनचा हिशेब प्राचार्यांना आकड्यांत दाखवा. एक जागा आठवडाभर चोवीस तास भरायची तर १६८ तास होतात. एक माणूस आठवड्याला ४८ तास, म्हणजे साडेतीन माणसं. रजा धरून चार. दोन माणसांत बारा-बारा तास ओढले की पहाटे तीनला खुर्ची झोपते. एजन्सी घेणार असाल तर २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना आणि प्रत्येक माणसाचं पोलीस चारित्र्य पडताळणीचं पत्र फाइलला लावून घ्या. परवान्याची मुदत वाचा, झेरॉक्स बहुधा जुनी देतात. मुलींच्या बाजूला संध्याकाळच्या पाळीला तरी बाई हवी. फेरी झाली की नाही हे कळायला मागच्या गडग्यापाशी, विजेच्या खोलीपाशी आणि विहिरीपाशी एकेक छोटी वही डब्यात टांगा, तिथे जाऊन वेळ लिहिल्याशिवाय फेरी धरायची नाही. गेटवरच बसून तास भरलेल्या वहीतल्या सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच ओघात दिसतात.

अर्थिंगवाला

गेटच्या वेळेचं वरती आलंच आहे. मी फक्त कुलपाबद्दल, हीटरबद्दल आणि कॅमेऱ्यांबद्दल लिहितो.

कोलॅप्सिबल गेटला बाहेरून कुलूप आणि किल्ली एका माणसाच्या खिशात, हे आज रात्रीपासून बंद करा, जूनची वाट बघू नका. तळमजल्याच्या पॅसेजमध्ये मीटर बोर्डाने पेट घेतला तर धूर जिन्याने वर चढतो. दोन-तीन मिनिटांत जिना धुराने भरतो आणि वरच्या मुली खाली उतरल्या तरी कुलपापाशी अडकतात. खिडक्यांना तर चोरीच्या भीतीने सगळीकडे ग्रिल. आतून कुणालाही किल्लीशिवाय उघडता येईल असा कडी-कोयंडा लावा. बाहेरून कुणी हात घालून उघडू नये म्हणून कडीच्या मागे फूटभर रुंद पत्रा वेल्ड करून घ्या. रात्री कुणी उघडलं तर कळावं म्हणून दाराला चुंबकी स्विच आणि सायरन बसवा, हजार-दीड हजारात होतं. प्रत्येक मजल्यावर दोन टोकांच्या दोन खिडक्यांचं ग्रिल बिजागरीवर उघडणारं करा, आतून खिट्टी. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत बिजागरी एका पावसाळ्यात गंजून धरते, म्हणून ती स्टेनलेसची घ्या आणि दर महिन्याला उघडून बघा. दुसरा जिना असेल आणि तिथे जुन्या गाद्या, मोडके पलंग रचले असतील तर ते आधी उचला.

अग्निशामक सिलिंडर कुठल्याही खोलीच्या दारापासून १५ मीटरच्या आत हवा. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का हे दर महिन्याला बघायचं, आणि सिलिंडर उचलून बूड तपासायचं. जमिनीवर ठेवलेल्यांचं बूड गंजतं, म्हणून भिंतीला हुकावर टांगा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 'ब', वर्षातून दोनदा लागतं, जानेवारीत आणि जुलैत. ऑफिसात शेवटचं कधीचं आहे ते बघून घ्या.

हीटरबंदीचा नियम कोरडा ठेवलात तर तो मोडला जाणारच. छपरावर सोलर असतो, पण जून ते सप्टेंबर पाणी कोमटही होत नाही, आणि नेमकी तेव्हाच मुलं बादलीत रॉड टाकतात. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो. खोलीला ६ अँपिअरचा एमसीबी (जादा भाराला आपोआप पडणारा स्विच) असला तरी एवढ्या किरकोळ जादा भाराने तो पडत नाही, तासन्‌तास तसाच चालू राहतो. आतली वायर मात्र दिव्या-पंख्यापुरती असते, ती गरम होते, आणि साध्या ५ अँपिअरच्या प्लगचं प्लॅस्टिक पिवळं पडून वितळतं. खोल्या बघताना सॉकेटच्या भोकांभोवतीचा पिवळा-तपकिरी डाग बघा, रॉड कुठे वापरतात ते त्यावरून कळतं. बादलीतल्या पाण्यात हात घातल्याने जीव जातो तो वेगळाच धोका, त्याला एमसीबी उपयोगी नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लागतो, प्रत्येक मजल्याला एक, आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं. मुळात मजल्यावर एका जागी ५०-१०० लिटरचा गिझर, सकाळी साडेपाच ते आठ, एवढी सोय करा आणि मग रॉडबंदी लिहा. इस्त्रीला तळमजल्यावर १६ अँपिअरचं एक टेबल द्या.

आता कॅमेरे. वीज पडून पाच गेले म्हणजे दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल ओढलेली असणार. जवळपास कुठेही वीज पडली की दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि तो दाब केबलमधून थेट रेकॉर्डरवर येतो. इमारतींमधलं अंतर फायबरने जोडा, काच वीज वाहत नाही. रेकॉर्डरच्या बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर बसवा. जांभ्या दगडात अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो आणि वळवाच्या पहिल्या गडगडाटाला काहीच झेलत नाही. एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी घालत राहा, मिरगाआधी मोजून घ्या, पाच ओहमच्या खाली आणा.

डिस्कचा हिशेब दुकानदारावर सोडू नका. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसने चोवीस तास चालला तर दिवसाला साधारण २१.६ जीबी. आठ कॅमेऱ्यांचे १७३ जीबी, महिन्याचे सुमारे ५.२ टीबी. बरेचदा २ टीबीची डिस्क गळ्यात मारतात, ती अकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसून नवं लिहू लागते. तक्रार पंधराव्या दिवशी आली तर हाती काही नाही. ६ टीबीची घ्या. रेकॉर्डर, स्विच आणि आठ कॅमेरे मिळून ८० वॅटच्या आसपास खातात; १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर दहा-बारा तास निघतात. वीज गेल्यावर रेकॉर्डरचं घड्याळ मागे जातं, आतला बटण सेल बदला आणि दर सोमवारी वेळ जुळवून वहीत सही करा. चुकीच्या वेळेचं चित्रण पुरावा म्हणून दुबळं पडतं. चित्रण पोलिसांना द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं, ते कोण सही करणार हे आधीच ठरवा.

कॅमेरा गेटवर, मेसच्या दारात, जिन्याच्या तोंडाशी, मागच्या गडग्यावर. खोलीत, न्हाणीघर-शौचालयाच्या वाटेवर, कपडे वाळत घालायच्या गच्चीवर अजिबात नाही. मुलींच्या इमारतीचा पडदा गेटवरच्या वॉचमनच्या टेबलावर ठेवू नका. तो रेक्टरच्या खोलीत, पासवर्ड दोघांकडे.

कलम_आणि_कागद

दंडाची ओळ सर्वांत आधी दुरुस्त करायला हवी. "कोणत्याही नियमभंगाला ५००" म्हणजे दहा मिनिटांचा उशीर आणि नवख्या मुलाला मारहाण यांना एकच भाव. शिवाय पैशाचा दंड उशिराला लावला की ज्याच्याकडे पैसे आहेत तो भरून मोकळा होतो आणि ज्याच्याकडे नाहीत तो गडगा उतरतो. दंड फक्त वस्तूच्या नुकसानीला, तोही दुरुस्तीच्या खऱ्या बिलाएवढा, पावतीवर. पावतीशिवाय एक रुपया नाही. अनामत रकमेतून कापलं तर किती, कशाचे, हे लेखी द्यायचं. पॅसेजमधला दिवा कुणी फोडला ते सापडत नाही म्हणून साऱ्या मजल्याकडून वसुली करतात, ते अन्यायाचं आहे आणि त्यामुळे पुढच्या वेळी कुणीही पुढे येऊन नाव सांगत नाही.

उशिरासाठी: महिन्यात दोनदापर्यंत फक्त नोंद. तिसऱ्यांदा रेक्टरशी बोलणं आणि काय बोलणं झालं ते दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या. त्यानंतर पालकांना कळवणं. तिसऱ्यांदा उशीर होणाऱ्यांत अर्धेअधिक गावात कुठेतरी अर्धवेळ काम करणारे निघतात. त्यांना लेखी परवानगी देऊन टाकली की प्रश्न मिटतो.

वसतिगृहातून काढायचं असेल तर आधी नोटीस, तीत नेमकं काय, कधी, कुठे घडलं ते. "गैरवर्तन" एवढा शब्द पुरत नाही. उत्तराला किमान ४८ तास. तिघांची समिती, त्यात एक तरी बाई, आणि तक्रार करणारा समितीत नको. विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकायचं, साक्षीदार असतील तर त्यांचं. निर्णयात कारणं लिहायची आणि प्राचार्यांकडे अपील किती दिवसांत करता येईल ते. त्यावरही समाधान नसेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांखालची विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, त्यापुढे विद्यापीठाचा लोकपाल. काढलेल्या मुलाला रात्री किंवा परीक्षेच्या तोंडावर रस्त्यावर सोडू नका. दिवसा, पालक आल्यावर.

झडती "केव्हाही" नाही. कारण वहीत लिहा, दोन कर्मचारी, विद्यार्थी समोर हजर, मुलींच्या खोलीत फक्त बायका. काय सापडलं त्याची यादी, सगळ्यांच्या सह्या. अंगझडती वॉचमनने घ्यायची नाही, कधीच नाही. गांजासारखं काही दिसलं तर हात लावू नका, फोटो काढा, खोलीला कुलूप लावा, पोलिसांना बोलवा. जप्त करून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवणारा रेक्टर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली स्वतःच ते बाळगणारा ठरू शकतो.

मोबाइल जमा करण्याचा नियम काढा. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वसतिगृहातल्या मुलींच्या मोबाइलवरचं असं बंधन रद्द केलं आणि इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. तो निकाल महाराष्ट्राला थेट बंधनकारक नाही, पण आपल्याकडे वाद झाला तर तो दाखवला जाईल. साधा विचार केला तरी रात्री दोनला छातीत दुखायला लागलं तर ११२ लावायचा कशावरून? त्याऐवजी रात्री ११ नंतर आवाज नाही, कॉल खोलीबाहेर पॅसेजमध्ये नाही, असा शांततेचा नियम करा. मोबाइलमधले मेसेज तपासायचा अधिकार रेक्टरला नाही, पालकांनी फोनवर सांगितलं तरीही.

रॅगिंगचं प्रकरण नियमावलीत वेगळं पान असावं. आयोगाच्या २००९ च्या विनियमांप्रमाणे नवीन मुलांना शक्यतो वेगळ्या भागात ठेवायचं, आणि तसं जमत नसेल तर वरच्या वर्गातल्यांच्या येण्याजाण्यावर लक्ष ठेवायचं. तुमच्याकडे वेगळी इमारत नाही, पण तळमजल्याची एक बाजू देता येईल. पहिले तीन महिने तिथे रात्री दहानंतर वरच्या वर्षाच्या कुणीही जायचं नाही आणि रेक्टरने आठवड्यातून दोनदा, वेगवेगळ्या वेळी, अकरा ते एकच्या दरम्यान चक्कर मारायची. हमीपत्र विद्यार्थ्याचं आणि पालकाचं, दोन्ही ऑनलाइन भरून घ्या. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ शौचालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. ऑफिसच्या फलकासमोर उभं राहून नंबर उतरवून घेणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. तक्रार आली आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर चोवीस तासांत एफआयआर करायची जबाबदारी संस्थाप्रमुखाची आहे. "आपापसांत मिटवून घ्या" म्हणणं हा पर्याय नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगबंदी कायद्यात शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे, आणि तक्रारीची चौकशी सात दिवसांत करायची आहे. नवख्यांना रात्री जागं ठेवून व्हॉट्सअॅप ग्रुपवर हुकूम सोडणं हेही रॅगिंगच, आयोगाने २०२५ मध्ये तसं बजावलं आहे. अल्पवयीन मुलाशी लैंगिक स्वरूपाचं काही घडल्याचं कळलं तर पोक्सोखाली (बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, समितीची वाट बघायची नाही.

दारूबद्दल एक गोष्ट आवर्जून. आपल्या राज्यात सौम्य बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. गोव्याची बाटली तर परवान्याशिवाय बांद्याच्या अलीकडे आणणंच गुन्हा. हे सगळं लिहा. पण सोबत हेही लिहा: बेशुद्ध मित्राला घेऊन जो रेक्टरचं दार वाजवेल त्याच्यावर त्या रात्रीच्या पिण्याबद्दल कारवाई होणार नाही. प्यायलेल्या मुलाला "झोपू दे" म्हणून उताणा ठेवून दार लोटून घेतलं की उलटी श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवा, एकाने शेजारी बसून राहायचं, हाक मारून जागा होत नसेल तर १०८.

नवी_रेक्टर

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. दोन गोष्टी राहिल्या. पावसाळ्यात जनावरं (साप) निघतात, मेसच्या मागे गेल्या वर्षी दोनदा दिसली. आणि समुद्र चार किलोमीटरवर आहे, रविवारी मुलं जातातच. हे नियमावलीत कसं घ्यावं? शिवाय गणपतीत वसतिगृह रिकामं होतं, तेव्हाचं काय?

पाणंद

ताई, जनावरांसाठी पहिला नियम: पावसाळ्यात जमिनीवर गादी टाकून कुणी झोपायचं नाही. पाहुणी मैत्रीण आली, पलंग कमी पडला, की खाली अंथरतात. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्याला चावते, आणि चावल्याचं अनेकदा कळतही नाही, सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते. वॉचमनला आणि सहायकांना एवढं पाठ करून द्या: पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आणि पापण्या मिटतायत, तर अपचनाची गोळी देत बसायचं नाही, १०८ बोलवायची. फुरसं मात्र कातळावर, चिऱ्याच्या सांदीत, पाणंदीत. चावलं की आग होते आणि रक्त वाहत राहतं. दोन्हींवर तेच एक प्रतिसर्पविष चालतं. मेमध्येच ग्रामीण रुग्णालयात जाऊन साठा आहे का, रात्री डॉक्टर असतात का, नसतील तर पुढे कुठे न्यायचं, ते विचारून भिंतीवर लिहा. दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. पाय हलू न देता न्यायचं.

इमारतीच्या कामात: दाराखालच्या बोटभर फटीला रबरी पट्टी, न्हाणीच्या मोरीला जाळी, गडग्याच्या आतल्या बाजूला दोन मीटर गवत नाही, चिऱ्यांच्या सांदी सिमेंटने बुजवलेल्या. मेसचं खरकटं रात्री उघडं राहिलं की उंदीर येतात आणि उंदरामागे जनावर, म्हणून मेसवाल्याच्या करारात रात्री नऊला डबा बंद ही अट घाला. अंधारात आवारात फिरताना बॅटरी सक्तीची. सापडलेलं जनावर मारायचं नाही, वनविभागाच्या १९२६ वर कळवायचं.

समुद्रावर जायची बंदी घालू नका, मुलं वहीत "बाजार" लिहून जातील आणि मग शोधायचं कुठे? "किनारा" असं लिहून, तिघांपेक्षा कमी नाही, अंधार पडायच्या आत परत. जून ते सप्टेंबर गुडघ्यावर पाणी नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्या आठवड्याच्या वेळा फलकावर लिहा. कातळावर फोटो काढायला गेलेली मुलं भरतीने मागून अडकतात, ती जागा कोणती हे गावातले मच्छीमार सांगतील, नाव घालूनच नियम लिहा. कुणी ओढला गेला तर मागोमाग उडी मारायची नाही, रिकामा कॅन किंवा दोरी फेकायची. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे सरळ न पोहता किनाऱ्याला समांतर पोहायचं, हे जुलैत एकदा सगळ्यांना मैदानावर प्रत्यक्ष दाखवा.

गणपतीत बाहेरगावची आठ-दहा मुलं मागे राहतात आणि मेस बंद असते. त्यांची यादी चतुर्थीच्या आठवडाभर आधी करा, त्या दिवसांची जेवणाची सोय लेखी ठरवा, आणि त्यांना एकाच मजल्यावर एकत्र आणा, विखुरलेलं ठेवू नका. रिकाम्या खोल्यांचे एमसीबी खाली, खिडक्या बंद, लॅपटॉप घरी. चोऱ्या याच आठवड्यात होतात, म्हणून वॉचमनची गावची सुट्टी आळीपाळीने लावा, चौघेही एकदम गेले असं होऊ देऊ नका.

खाडीपलीकडे

अर्थिंगवाल्यांच्या कडी-कोयंड्याला मुलींच्या पालकांकडून विरोध होईल, त्याची तयारी ठेवा. प्रवेशाच्या दिवशी पालकांना दार दाखवा, पत्रा दाखवा, सायरन वाजवून दाखवा. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा, रात्री साडेदहाला, न सांगता घंटा वाजवून दोन्ही इमारती रिकाम्या करून बघा. शेवटची मुलगी मैदानात यायला किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून मोजा आणि तो आकडा मसुद्यासोबत प्राचार्यांना द्या.

अर्थिंगवाला

सायरनला इन्व्हर्टरची लाइन द्या, मेन लाइनची नाही. घंटाही विजेची नको. पितळेची, हाताने वाजवायची, प्रत्येक मजल्यावर एक.